जक्कय झाडावर का चढला?

डिसेंबर लागला की चर्चच्या हॉलमध्ये नाताळच्या नाटकाच्या तालमी सुरू होतात, आणि त्याआधी पात्रनिवड नावाचा विधी पार पडतो. त्याचे नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत, तरी वसईपासून नगरपर्यंत सगळ्यांना पाठ आहेत. गोरी, लांब केसांची मुलगी ती मरिया. उंच मुलगा योसेफ, कारण दाढी शोभली पाहिजे. जिच्या आईकडे शिलाई मशीन आहे ती देवदूत, पंख घरचेच होतात. दंगेखोर असतील ती मेंढरं. वर्गातला सगळ्यात सावळा मुलगा तिसरा राजा. "याच्या मेकअपचा खर्च वाचला," असं टीचर हसत म्हणतात आणि तोही बिचारा हसतो. आणि जे कुटुंब नुकतंच बदलीवर पॅरिशमध्ये आलंय, ज्यांचं आडनाव अजून कुणाच्या जिभेवर बसलेलं नाही, त्यांचा मुलगा होतो उतारशाळेचा मालक. त्याला वाक्य एकच: "जागा नाही."

गावात सगळ्यात नवा जो, त्याच्याच तोंडी हे वाक्य. आणि यंदाच्या नाटकाचा विषय काय, तर 'स्वागत'.

गंमत अशी की लूकच्या शुभवर्तमानात असा मालक नाहीच. उतारशाळेत जागा नव्हती, एवढंच तिथे आहे. दार कुणी लावलं, कोण काय बोललं, एक अक्षर नाही. हे पात्र नंतरच्या मोठ्या माणसांनी घातलं, आणि का घातलं असेल ते कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. नाही म्हणणारा एक जण उभा केला की बाकीचं गाव सुटतं. अख्खं बेथलेहेम निष्पाप झोपलेलं. वाईट काय तो एक खोलीवाला. तीन राजांचंही तेच. मत्तय 'तीन' म्हणत नाही आणि 'राजे'ही म्हणत नाही. पूर्वेकडून ज्ञानी लोक आले, एवढंच सांगतो. भेटवस्तू तीन म्हणून माणसं तीन धरली. मुकुट आणि कास्पार, मेल्किओर, बाल्थाझार ही नावं मागाहून आली. म्हणजे पदरची पात्रं घालायला आपला हात कधी आखडलेला नाही. मग इतक्या शतकांत "अहो, आमच्याकडे या, थोडी अडचण होईल पण भागवू" म्हणणारी एक शेजारीण कुणालाच कशी सुचली नाही?

आता या पात्रनिवडीतल्या रंगाचं. १९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारलं, यातली चांगली कोणती? बहुतेकांनी गोरी उचलली. शाळांमधली वर्णाची फाळणी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली घटनाबाह्य ठरवली, तेव्हा क्लार्क यांचं काम निकालाच्या तळटीपेत आलं. आपल्याला बाहुल्या आणायचा खर्च नको. पात्रांची यादी फळ्यावर लावा आणि मुलांचे चेहरे बघा. गव्हाणीतला बाळ येशू तर दुकानातूनच गुलाबी येतो. निळे डोळे, सोनेरी कुरळे केस. बेथलेहेमात जन्मलेलं यहुदी पोर, पण पासपोर्ट तपासला तर नॉर्वेचा निघावा.

नाटक राहू द्या, वर्गात या. स्वागताचा धडा शिकवायची आपली रीत ठरलेली आहे. रंगीत कागदाचे हात कापायचे आणि पृथ्वीच्या गोळ्याभोवती चिकटवायचे. एक हात आफ्रिकेचा, एक चीनचा, एक बर्फात राहणाऱ्यांचा. मुलांनी सगळ्यांवर प्रेम करायचं. अट एकच, ज्यांच्यावर प्रेम करायचं त्यांनी निदान एका समुद्रापलीकडे राहायचं. चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून ज्या झोपड्या आहेत तिथला हात चार्टवर येत नाही. वॉचमनची मुलगी खिडकीतून चार्टची मागची बाजू बघत असते. तिला आत बोलावलं तर हजेरीपटावर नाव कुठे लिहायचं, हा तांत्रिक प्रश्न आहे म्हणतात.

हे दुखणं तसं आयात केलेलं. जगातल्या लेकरांना त्यांच्या कातडीच्या रंगांनी मोजून ती सगळी येशूची लाडकी आहेत असं सांगणारं, अमेरिकी संडे स्कूलमधलं एक प्रसिद्ध गाणं आहे. शब्द शिकागोच्या एका पाळकाचे, चाल १८६४ सालच्या यादवी युद्धातल्या गाण्याची. अमेरिकेच्या दक्षिणेतली गोरी मुलं ते गोड आवाजात अशा चर्चमध्ये गात मोठी झाली, जिथे काळ्या लेकराला बाकावर जागा नव्हती. रविवारी सकाळी अकराचा तास हा ख्रिस्ती अमेरिकेतला सर्वांत विभागलेला तास आहे, असं मार्टिन ल्यूथर किंग लाजेने सांगत. आपल्याकडे मिस्सा साडेसातलाच आटोपते. वक्तशीरपणात आपण पुढे आहोत.

वास्तविक संडे स्कूल ही चीजच मुळी बाहेरच्या पोरांसाठी निघाली. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स नावाच्या माणसाने ती नावारूपाला आणली. हा एका वर्तमानपत्राचा संपादक होता, म्हणजे आमच्याच धंद्यातला. एकंदर धंद्याने केलेल्या मोजक्या चांगल्या कामांत हे धरावं. गावात टाचण्या करण्याचे कारखाने होते. सहा दिवस कामाला जुंपलेली पोरं रविवारी रस्त्यावर धुडगूस घालत. रेक्सने त्यांना बसवून वाचायला शिकवायची सोय केली. अट काय, तर हात-तोंड धुऊन, केस विंचरून या. तेवढ्यानेही काही धर्मगुरूंचा जीव घाबरा झाला: शब्बाथ मोडतोय, आणि गरिबाला वाचता आलं तर कामाला राहील कोण?

आता त्याच शाळेचा प्रवेशाचा अर्ज बघा. बाप्तिस्म्याचा दाखला, पॅरिशचं कार्ड, आईवडिलांच्या चर्चमधल्या लग्नाची नोंद, दोन फोटो. रेक्सची पोरं केस विंचरून आली असती आणि गेटवरून परत गेली असती.

आता जक्कय.

लहान मुलांची ही सर्वांत लाडकी गोष्ट. यरीहोतला मुख्य जकातदार, पैसेवाला आणि बुटका. येशू गावातून चाललाय असं कळल्यावर पुढे धावत जाऊन उंबराच्या झाडावर चढतो. मुलं अभिनय करतात: बुटका झाला, वर चढला, "जक्कया, खाली ये!" मग टीचर बोध सांगतात की येशू पाप्यालाही जवळ करतो. टाळ्या. चॉकलेट. घरी.

पण तो झाडावर का चढला? "बुटका होता म्हणून," वर्ग एका सुरात ओरडतो. मुलांनो, बुटका माणूस पुढे उभा राहिला तर मागच्याचं काय अडतं? वर्गाचा ग्रुप फोटो काढताना आपण बुटक्यांनाच पुढे बसवतो ना? लूक कारण स्पष्ट देतो: गर्दीमुळे त्याला दिसेना. आणि ही गर्दी कुणाची? बाजारहाटाला आलेल्यांची नव्हे. येशूला बघायला, ऐकायला, त्याच्यामागून चालायला आलेल्यांची. आजच्या भाषेत पॅरिशची. एकाने जरा अंग चोरून "या, पुढे या" म्हटलं असतं तर जक्कयला झाडावर चढायची वेळच आली नसती. पण तो होता जकातदार, रोमी सत्तेसाठी वसुली करणारा, त्यात खिसे भरणारा. त्याला कोपर मारून मागे सारण्यात पुण्य होतं. उंची हे निमित्त. पुढे येशू त्याच्या घरी निघाला तेव्हा कुरकुर कुणी केली? त्याच गर्दीने. दोन हजार वर्षं मुलांना आपण जक्कयची उंची सांगतो आहोत. गर्दीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण गर्दी वर्गाच्या बाहेर बाकावर बसून डोळा ठेवून असते.

आणि येशू बोलला काय? "माझ्याकडे ये, मी तुला स्वीकारतो," असं तो म्हणत नाही. आज तुझ्या घरी मला उतरायचंय, म्हणतो. बोलावणं नसताना स्वतःच पाहुणा होतो. जक्कय घाईघाईने खाली येतो आणि आनंदाने त्याचं स्वागत करतो. स्वागत जक्कयने केलं. घर जक्कयचं, ताट जक्कयचं, वाढणारा जक्कय. आणि चार्टवर गुलाबी स्केचपेनने लिहिलेलं असतं: 'येशूने जक्कयचे स्वागत केले.'

माझं भांडण नेमकं इथे आहे. शुभवर्तमान जरा या बाजूने उघडून बघा. जन्म दुसऱ्याच्या गोठ्यात. प्रवचनाला होडी पेत्राची. जेवायला कधी मार्थेकडे, कधी लेवीकडे, कधी परुश्याकडे, तिथेही जेवता जेवता वाद. हजारोंच्या पंगतीसाठी भाकरी आणि मासे एका पोराच्या शिदोरीतले. विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागतो; ती म्हणते, तुझ्याकडे काढायला काही नाही आणि विहीर खोल आहे. यरुशलेमात शिरताना शिंगरू मागून आणलेलं. शेवटचं भोजन दुसऱ्याच्या माडीवर. कबरसुद्धा अरिमथाईकर योसेफाने स्वतःसाठी खोदवलेली. माणूस आयुष्यभर पाहुणा. आणि त्याच्या नावाने चालणाऱ्या वर्गात मुलांना भूमिका एकच मिळते, यजमानाची. आपण दार उघडणारे, ते दारात उभे. आपण वाढणारे, ते हात पुढे करणारे. आपण सामावून घेणारे, ते सामावले जाणारे. सहा वर्षांच्या पोराला आपण नकळत सांगून ठेवतो की घर तुझं आहे. बाकीचे यायचे ते तुझ्या परवानगीने.

यजमान होणं फार सोयीचं असतं. वेळ आपली, मेनू आपला, आणि कंटाळा आला की घड्याळाकडे बघायचा हक्कही आपलाच. पाहुणा झालं की चपला कुठे काढायच्या इथपासून विचारावं लागतं.

भल्या शोमरोन्याचं नाटक बसवताना टीचर विचारतात, शोमरोनी कोण होणार? सगळा वर्ग हात वर करतो. जखमी व्हायला कुणी तयार नसतं, शेवटी आजारी असल्याने गैरहजर राहिलेल्या मुलाचं नाव टाकतात. पण ही गोष्ट ज्यांनी पहिल्यांदा ऐकली ते यहुदी होते आणि शोमरोन्यांशी त्यांचा ताटवाटीचा व्यवहार नव्हता. ऐकणाऱ्याने स्वतःला बघायचं ते वाटेवर अर्धमेल्या पडलेल्या माणसात. वर्गात एकदा असं करून बघा: पडलेला मुलगा तुमच्या पॅरिशचा, अंगात चर्चच्या सहलीचा टी-शर्ट. शेजारून फादर गेले. पॅरिश कौन्सिलचे सेक्रेटरी गेले, मोबाइलवर बोलत. थांबला तो... इथे ते नाव घाला जे घरी जेवणाच्या टेबलावर आवाज उतरवून घेतलं जातं. मुलांना सुचवावं लागणार नाही. पाचव्या वर्षापर्यंत ती नावं पाठ झालेली असतात, दहा आज्ञांच्या आधी.

आणखी एक गोष्ट आहे, ती संडे स्कूलच्या वाट्याला सहसा येत नाही. येशू सोरच्या मुलुखात गेलेला, परक्या प्रांतात, पुन्हा कुणाच्या तरी घरी उतरलेला. तिथली एक सुरफुनीकी बाई लेकीसाठी गयावया करते. येशू तिला सुनावतो की लेकरांची भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नाही. बाई दबत नाही. मेजाखाली कुत्रीही लेकरांचा चुरा खातात की, म्हणते. आणि येशू मानतो. या तुझ्या बोलण्यामुळे, म्हणतो, जा, तुझी मुलगी बरी झाली. बाहेरची बाई वाद घालते आणि प्रत्यक्ष प्रभू तिचं ऐकतो! ही गोष्ट का घेत नाही असं विचारलं तर उत्तर येतं, मुलं गोंधळतील. मुलं नाही गोंधळत. त्यांना बाईचं उत्तर जाम आवडतं. गोंधळतात ते वर्गानंतर मुलांना घ्यायला येणारे.

खरी परीक्षा नाताळात नसतेच, ती असते भाद्रपदात. शेजारच्या काकू मोदकांचं ताट घेऊन दारात. पोराचा हात पुढे झालेला, आणि आईचा डोळा. प्रसाद. काही घरांत काही प्रश्न नसतो, मोदक घेतला, "थँक्यू काकू", संपलं. काही घरांत तो घेऊन हळूच कामवाल्या बाईला दिला जातो, म्हणजे पाप तिच्या खात्यावर. पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात मूर्तीपुढे ठेवलेल्या खाण्यावर बराच काथ्याकूट केलाय. त्याचं म्हणणं साधारण असं की परधर्मी कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर पुढे येईल ते खा, चौकशा करत बसू नका. मात्र कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर त्या माणसाच्या मनासाठी खाऊ नका. हे दुसरं वाक्य मोदकाच्या विरोधात जातं, ठाऊक आहे; त्यासाठी मला पत्रं पाठवू नयेत. पण दोन्ही वाक्यांत पौलाचा माणूस बसलाय कुठे? दुसऱ्याच्या पंगतीत. त्याचा प्रश्न, तिथे जाऊन काय खायचं. आपला प्रश्न, मुळात जायचं का.

आणि हेच घर डिसेंबरात करंज्या, कलकल आणि केकची ताटं सगळ्या मजल्यांवर पाठवतं. ती काकूंनी खाल्ली नाहीत असं कळलं तर वर्षभर मनात ठेवतं. आपला फराळ गेला तर ते प्रेम, त्यांचा आला तर तो धर्मशास्त्राचा प्रश्न. खरं तर या देशातल्या ख्रिस्ती पोराला परकेपणा शिकवायला चार्ट पेपर लागू नये. डब्यात काय आहे हे झाकणाआडून सांगायची त्याला सवय असते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मराठीत हयात घालवलेल्या या वसईकराच्या निवडीलाही विरोध झाला, कारण झगा. दारात उभं राहणं म्हणजे काय ते आपल्याला पक्कं माहीत आहे. तरीही आपल्या गेटवर आलो की लगेच वॉचमन होतो.

इतिहासात तर पाहुणचाराचा नमुनाच आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला, तिच्या प्रेमात पडला आणि ख्रिस्ताची कथा त्याने मराठी ओवीत सांगितली. 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. पाहुण्याने यजमानाच्या भाषेत बसावं कसं, याचा हा वस्तुपाठ. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलेलं होतं आणि ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडता, बसून राहिलं. साष्टीतली देवळं पाडली गेली ती सोळाव्याच शतकात. म्हणजे चर्च पाहुणं म्हणून आलं आणि त्याने घराची चावी खिशात घातली. मुलांना स्टीफन्सची गोष्ट जरूर सांगावी. दुसरीही सांगावी, निदान दाढी फुटायच्या आत.

उलट्या बाजूचेही लोक झाले. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली, आणि सोवळं सुटायला किती झगडावं लागलं ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त काहीही न लपवता लिहून ठेवलंय. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही. दोन फोटो आणि लग्नाची नोंद मागितल्याचं ऐकिवात नाही.

आपल्यात जात नसते, हा वाक्यप्रयोगही वर्गात शिकवतात. सरकारही तेच मानतं. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आधी हिंदू, मग १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती बाहेरच, कारण कागदोपत्री त्याची जात पाण्यात बुडवून संपवलेली. छान. मग स्थळ आलं की "मूळचे कुठले? कुठल्या वाडीतले? आजोबा काय करायचे?" हा तपास कसला असतो, वंशावळीच्या अभ्यासाचा? गोव्यातल्या कोंफ्रारी, म्हणजे चर्चमधल्या बंधुसंघटना, जातवार राहत आल्या. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत आहे; मेल्यावरही शिवाशिव नको. मुलं अक्षरांआधी भिंती वाचायला शिकतात, हे बालवाडीच्या कुठल्याही बाईंना माहीत असतं.

आणि मुलांचं तरी स्वागत आहे का? मार्क सांगतो की लोक लेकरं घेऊन आले तेव्हा शिष्यांनी त्यांना दटावलं, आणि येशू रागावला. मोजक्या वेळा रागावला आहे तो. त्यातली ही एक. आता शिष्यांनी काचेची खोली बांधली आहे, रडकी पोरं आणि त्यांच्या आया आत, आवाज बंद. ज्या मुलाला शांत बसणं जमतच नाही, जे मध्येच ओरडतं, हात फडफडवतं, त्याच्या आईने तिथेच बसायचं, तो दहा वर्षांचा झाला तरी. मुख्य दारावर 'सर्वांचे स्वागत आहे' अशी पाटी, आणि पाटीखाली पायऱ्या. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा ठराव तीन कमिट्यांपूर्वी मंजूर झालाय. दरम्यान घंटेला नवी मोटर बसली.

ऑगस्ट २०२३ मध्ये लिस्बनला जगभरच्या तरुणांपुढे पोप फ्रान्सिस यांनी सांगितलं की चर्चमध्ये जागा सगळ्यांना आहे, आणि 'सगळे, सगळे, सगळे' असं त्या पोरापोरींकडून म्हणवून घेतलं. ते तीनदा म्हणवून घ्यावं लागलं यातच आलं. आपल्याकडे पहिल्या 'सगळे'नंतर स्वल्पविराम पडतो आणि "पण फादर" सुरू होतं.

शिकवायचं कसं, हेही काही गुपित नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांवरच्या पुस्तकात मांडून ठेवलंय की माणसं नुसती समोरासमोर आणून काही होत नाही. ती बरोबरीच्या नात्याने भेटली पाहिजेत, एखादं काम मिळून करत असली पाहिजेत आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. तो स्वतः चर्चला जाणारा होता, आणि धर्म पूर्वग्रह घडवतोही आणि मोडतोही, हे त्याने दुःखाने नोंदवलंय. यात पाठिंब्याची अट सगळ्यात अवघड. एका पॅरिशमधल्या टीचरबाईंनी तरी हिंमत केली. पालकसभेत म्हणाल्या, यंदा बागेतली पिकनिक नको, मुलांना गुरुद्वारात नेऊ. डोकं झाकून, मांडी घालून लंगरच्या पंगतीत बसू देत. वाढतील ते खाऊ देत, नंतर तिथल्या मुलांबरोबर भांडी घासू देत.

प्रथम शांतता. मग कुणीतरी फी विचारली. काही नाही, म्हटल्यावर संशय वाढला. फुकट का जेवायला घालतात? डाळ तिखट असते का? डोक्याला रुमाल बांधला तर त्याचा काही अर्थ होतो का? फोटो काढून कुणी फेसबुकवर टाकले तर? भांडी घासायला लावणं बालकामगार कायद्यात बसतं का? (हे विचारणाऱ्या बाईंच्या घरी कामाला मुलगी तेरा-चौदाची.) एक आजोबा म्हणाले, मुलांच्या श्रद्धेवर परिणाम होईल, त्यांचा नातू शेजारी बसून मोबाइलवर माणसं उडवत होता. शेवटी एका समंजस वडिलांनी मार्ग काढला. आपण जाण्यापेक्षा त्यांच्या मुलांनाच आपल्याकडे बोलावलं तर? सगळ्यांना हायसं वाटलं. ठराव एकमताने मंजूर: गुरुद्वारातल्या मुलांना पॅरिशच्या वार्षिक कार्यक्रमाला सन्मानाने पाचारण करावं, मागच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात, प्रत्येकी एक वडापाव आणि केकचा तुकडा. स्वागतगीत बसवायचं काम टीचरबाईंकडे.

निमंत्रण द्यायला गुरुद्वारात कोण जाणार, यावर मात्र एकमत झालं नाही.